रुळाकडेची जुनी भातगिरणी: नव्या धंद्यासाठी दुरुस्तीच्या नोंदी

इमारत कुडाळ तालुक्यातली, कोकण रेल्वेच्या रुळांच्या पश्चिमेला. आतून 60 फूट लांब, 24 फूट रुंद. जांभ्या चिऱ्याच्या सव्वा फूट जाडीच्या भिंती, दुपाखी छप्पर, मंगळुरी कौले, पश्चिमेला 8 फुटांची पडवी. बांधली भातगिरणी म्हणून. नंतर सिमेंटचे गोदाम झाले, मग आंब्याचे पॅकिंग, मग खताचे गोदाम, आणि पुढे बरीच वर्षे कुलूप. आता इथे काजू प्रक्रिया चालणार आहे आणि हंगामात आंब्याच्या पेट्या भरल्या जाणार आहेत. कोकणात रुळाकडेला अशा बंद गिरण्या आणि वखारी अजून उभ्या आहेत. त्या पाडून पत्र्याची शेड घालण्याआधी कोणी हे वाचावे, यासाठी नोंदी ठेवल्या.

4 नोव्हेंबर 2024: कागद

कामाची सुरुवात गवंड्यापासून न करता कागदांपासून केली. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे गिरणीचे जुने कागद रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाने आहेत. खरेदीखत, बिनशेतीची सनद, जुने फेरफार हे सगळे जिल्हा बदलण्याआधीचे. ते आधी जमवा.

खरी अडचण सातबाऱ्यात निघाली. 1990 नंतर रेल्वेसाठी भूसंपादन झाले, अंगणाची पूर्वेकडची पट्टी गेली, मोबदलाही मिळाला. पण कमी जास्त पत्रकाचा (कजाप, म्हणजे जमिनीचे क्षेत्र घटल्या-वाढल्याची नोंद) अंमल सातबाऱ्याला लागलेलाच नव्हता. कागदावर क्षेत्र जुने, जागेवर कमी. बँक आणि परवानगी देणारे कार्यालय दोघेही इथेच अडतात. कजाप, संपादनाचा निवाडा आणि मोजणीचा नकाशा जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला. सनदेत वापर 'भातगिरणी' असा स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणून वापर बदलाचा अर्जही त्याच वेळी दिला. या दोन अर्जांत दीड महिन्याहून जास्त गेला. रुळाकडेची कुठलीही जुनी इमारत घेताना सर्वांत आधी कजाप मागा.

12 नोव्हेंबर: हद्द

रेल्वेच्या हद्दीच्या खांबापासून पूर्वेची भिंत 11 मीटरवर. हद्दीपासून 30 मीटरच्या आत बांधकाम असले की रेल्वेचा ना हरकत दाखला मागतात. म्हणून नव्या शेडचा विचार सोडला. आहे त्याच पायावर, आहे त्याच उंचीची दुरुस्ती करायची. तसे नकाशावर लिहून दिले आणि अर्जासोबत चारी बाजूंचे फोटो जोडले.

इथे मार्ग एकेरी आहे. कोकण रेल्वेचे दुपदरीकरण आजवर रोहा ते वीर एवढेच झाले. पुढे कधी दुसरा रूळ आला तर तो कुठल्या बाजूला येईल ते आज ठरवता येत नाही, म्हणून पूर्वेच्या अंगणात कायमचे काहीच बांधायचे नाही. टाकी, शौचालय, जनरेटर सगळे पश्चिमेला.

20 नोव्हेंबर: जमीन उकरली

तिन्ही दालनांत 3 फूट लांब-रुंद खड्डे घेतले. (दालन म्हणजे लांबीतला 20 फुटांचा भाग, तुळयांवरून तीन भाग सरळ पडतात.) आधीचे धंदे जमिनीत एकावर एक बसलेले दिसतात.

सर्वांत खाली चिऱ्याची फरसबंदी. तिच्यावर मुरूम आणि सारवणाचे थर, त्यात दाबलेले भाताचे तूस. हा गिरणीचा काळ. त्यावर अर्धा ते एक इंच करडा कडक पापुद्रा आहे. गोण्यांतून सांडलेले सिमेंट पावसाळी हवेत थिजले की असा पापुद्रा होतो. कोकण रेल्वेची पायाभरणी 15 सप्टेंबर 1990 रोजी रोह्याला झाली आणि 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण मार्ग सुरू झाला. मधल्या वर्षांत इथे बांधकामाचे सिमेंट ठेवले जात होते. पापुद्र्यावर तीन इंची कोबा आहे, तो आंब्याच्या पेट्यांसाठी घातला आणि पुढे खताच्या गोण्यांनाही तोच राहिला.

गिरणी का थांबली त्याचे कारणही जागेवरच दिसते. पलीकडच्या वाड्यांतून भात आणणारी गाडीवाट थेट गिरणीच्या पूर्व दारात येत होती. रेल्वेच्या भरावाने ती तोडली आणि रुळाखालचा रस्ता लांब पडला. अर्धे गिऱ्हाईक तुटले, आणि त्याच सुमारास वाड्यावाड्यांत विजेवरचे छोटे हलर (भात सडण्याची यंत्रे) आले. पूर्वेचे दार तेव्हापासून मागचे दार झाले. आज स्टेशनकडे जाणारा रस्ता पश्चिमेला पडवीसमोरून जातो, म्हणून दुकानाचे तोंड पश्चिमेला.

पातळीचा हिशेब: मूळ फरसबंदी ते आजचा कोबा यांत सात इंच चढ. त्यामुळे पूर्वेच्या दाराचा उंबरठा आतल्या जमिनीपेक्षा खाली गेला आहे. नवा थर वर चढवायचा नाही. कोबा आणि पापुद्रा काढून मुरमापर्यंत जायचे.

2 डिसेंबर: रुंद केलेले दार

उत्तरेच्या भिंतीत मूळ पाच फुटांचे दार होते. ट्रक मागे लावता यावा म्हणून सिमेंटच्या काळात ते दहा फूट केलेले. वर आंब्याच्या लाकडाची पाटी (दारावरची भिंत पेलणारी आडवी लिंटेल) टाकलेली. आंब्याचे लाकूड भुंग्याला लगेच सापडते. पटाशी टोचली की पीठ गळते. पाटी मधे दीड इंच वाकली आहे आणि वरच्या तीन थरांत जिन्यासारखी तडे गेली आहेत.

दहा फुटांची आरसीसी पाटी ओतण्याचा अंदाज मिळाला. पण आता आत ट्रक येणार नाही, माल ओट्यावरून चढणार. मग दहा फूट हवेत कशाला? दार सहा फुटांवर आणले. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे खांब चढवले, एक आड एक थर जुन्या भिंतीत दात घालून. पाटी नऊ इंच जाड, दोन्हीकडे एक फूट टेकलेली. खाली 12 मिमीच्या तीन सळया, वर 10 मिमीच्या दोन, 8 मिमीच्या रिंगा सहा इंचांवर.

क्रम महत्त्वाचा. पाटीला हात लावण्याआधी वरच्या भिंतीत तीन-तीन फुटांवर आरपार भोके पाडून त्यांतून ऐनाचे ओंडके घातले आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी जॅक लावले. जॅकखाली फळ्या, कारण मुरमात जॅक रुततो. एक जॅक रात्रीत पाव इंच बसला आणि तडा वाढला. त्याच्याखाली दोन फुटांची जाड फळी घातल्यावर थांबला.

चिरा इथे 14 × 9 × 7 इंचांचा. नवा चिरा खाणीतून आल्याबरोबर लावू नका, तो ओला आणि मऊ असतो. उन्हात वाळू द्या. पिवळ्या-पांढऱ्या मातीचे गोळे दिसतात तो चिरा बाजूला काढा, पावसात गोळा धुऊन जातो आणि भोक राहते. 200 चिऱ्यांत 30 असे निघाले. पोच 44 रुपये नग पडला.

16 डिसेंबर: इंजिनाचा ओटा

उत्तरेच्या दालनात तेल इंजिनाचा काँक्रीटचा ओटा आहे, 6 × 4 फूट, खाली चार फूट खोल. अँकर बोल्ट अजून उभे. शेजारच्या भिंतीत पट्ट्यासाठी पाडलेली उभी खाच, तुळईला शाफ्टच्या ब्रॅकेटचे बोल्ट.

ओटा फोडायचा नाही असे ठरवले. ब्रेकरचे हादरे दोन फुटांवरच्या चिऱ्याच्या भिंतीला नको होते, आणि एवढा पक्का पाया नव्याने करायचा तर पुष्कळ पैसे लागतात. बोल्ट ग्राइंडरने कापले. वरचे चार इंच तेलाने काळे पडलेले होते, ते हातछिन्नीने काढले, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने घासले, धुतले, वाळवले आणि वर जाळी टाकून चार इंच नवे काँक्रीट ओतले. आधी नुसते धुऊन ओतलेला एक फुटाचा नमुना आठवड्यात सुटून हातात आला. तेल असलेल्या पृष्ठभागाला सिमेंट धरत नाही. या ओट्यावर काजू उकडण्याचा कुकर बसेल.

ओट्याभोवतीच्या मातीलाही डिझेलचा वास होता. दीड फूट खणून ती काढली, मुरूम भरला. तरी बंद हवेत वास थोडा येतोच. म्हणून या दालनात सोललेला काजू कधीच यायचा नाही.

पट्ट्याची खाच चिऱ्यांनी बुजवली. उंदरांचा राबता तिथूनच होता.

6 जानेवारी 2025: मधल्या दालनाच्या भिंती

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ आणि विचार इथे गेला, म्हणून सविस्तर.

मधल्या दालनात खत होते. भिंतींवरचे सिमेंट प्लास्टर फुगून पापुद्रे सुटलेले आणि त्यांच्यामागे पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर आलेले मीठ). दोन ठेकेदारांनी जमिनीतली ओल म्हणून भिंतीत रसायन टोचण्याचा खर्च सांगितला. पण लोणा सात फुटांपर्यंत आहे आणि त्याची वरची रेघ सरळ आहे. जमिनीतून चढणारी ओल अशा भिंतीत अडीच-तीन फुटांवर थांबते आणि तिची रेघ वेडीवाकडी असते. सात फूट म्हणजे गोण्यांच्या थप्पीची उंची. शिवाय दक्षिणेच्या दालनात, त्याच पायावर, लोणा नाही. म्हणजे मीठ खताचे आहे, भिंतीला टेकलेल्या गोण्यांतून उतरलेले.

युरिया 30 अंश तापमानात हवेतली आर्द्रता साधारण 72-73 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढतो आणि पाझरू लागतो. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. चिरा सच्छिद्र; त्याने ते पाणी पिऊन घेतले. उन्हाळ्यात भिंत वाळते, मिठाचे स्फटिक होतात, फुगतात आणि प्लास्टर ढकलतात. पावसाळ्यात परत विरघळतात. सिमेंट प्लास्टर घट्ट असल्याने भिंतीला श्वास नाही, म्हणून स्फटिक त्याच्यामागेच साठत गेले.

काय केले:

सगळे सिमेंट प्लास्टर काढले. ठोकून काढले की चिऱ्याचा पातळ थर सोबत येतो, म्हणून कडेपासून पटाशीने उचलत गेलो. मजुरी जास्त लागते, भिंत वाचते.

लोणा कोरड्या ब्रशने झाडला आणि गोळा करून बाहेर नेला. इथे पाण्याचा पाइप लावायचा मोह होतो. लावू नका. पाणी मीठ विरघळवून परत आत नेते.

मग लेप. शाडू माती एक भाग, धुतलेली बारीक वाळू दोन भाग, रद्दी कागदाचा लगदा दोन भाग, खायच्या लोण्याइतके घट्ट. भिंत थोडी ओलावून एक इंच जाड थापायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना तो भिंतीतले पाणी आणि त्याबरोबर मीठ बाहेर ओढतो. वाळला की स्वतःच सुटू लागतो. काढलेला लेप माडाच्या आळ्यात किंवा अंगणात टाकू नका, त्यात मीठच आहे.

मोजायला पाण्याचा टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) वापरला, पेनाएवढा मिळतो तो. भिंतीची खरड 10 ग्रॅम, विहिरीचे पाणी 100 मिली, ढवळून अर्धा तास ठेवून मोजायचे. नुसत्या विहिरीच्या पाण्याचा आकडा 65. लेपाआधी भिंतीच्या खरडीचा 1,900.

3 फेब्रुवारी: लेपाचा निकाल

पहिल्या लेपानंतर 1,020, दुसऱ्यानंतर 560. पश्चिमेच्या भिंतीवरचा लेप सर्वांत चांगला ओढतो, कारण वारा आहे. आतल्या कोपऱ्यातला लेप वाळायला दुप्पट वेळ लागला आणि त्यावर बुरशी आली. तिथे पंखा लावला.

मीठ पूर्ण निघणार नाही, हे धरूनच दालनांची वाटणी केली. खारट भिंत दमट हवेत पाणी ओढत राहणार, म्हणून तिथे पॅकिंग नको, बियांचे साठवणही नको. मधले दालन काजू कापण्याला दिले. कापताना बी टरफलात असते, दमटपणाने फारसे बिघडत नाही. डिझेलच्या वासाचे उत्तर दालन उकडायला, जिथे टरफलाच्या तेलाचा वास असतोच. आंब्याचे पॅकिंग झालेले दक्षिण दालन सर्वांत स्वच्छ. तिथे बोर्मा (काजूगर वाळवण्याची भट्टी), सोलणे, ग्रेडिंग, पॅकिंग आणि पडवीला लागून दुकान. आराखडा काढणाऱ्याने प्रथम दुकान मधे ठेवले होते, दर्शनी भाग म्हणून. भिंतीचे आकडे दाखवल्यावर बदलले.

20 फेब्रुवारी: चुन्याचे प्लास्टर

मधल्या दालनाला चुन्याचेच प्लास्टर. उरलेले मीठ त्यातून बाहेर येईल, प्लास्टर झिजेल, काही वर्षांनी ते बदलता येईल. चिरा सुरक्षित राहील. चुना एक भाग, वाळू तीन, विटांची सुरखी (भुकटी) अर्धा. सुरखी नसेल तर आपल्या दमट हवेत चुना धरायला फार वेळ घेतो.

कळीचा चुना खड्ड्यात विरवून तीन आठवडे भिजत ठेवला. एका गवंड्याने पिशवीतला रंगाचा चुना आणून घाईने एक पट्टा केला. तो बोटाने भुकटी होऊन पडला. वाळू खाडीची घेऊ नये. भिंतीतले मीठ काढून परत मिठाची वाळू लावण्यासारखे होते. नदीची वाळू मिळाली तीही दोनदा धुतली.

प्लास्टरवर ओले गोणपाट आठवडाभर. फेब्रुवारीतले वारे कोरडे असतात. गोणपाट एक दुपार सुकले तिथे केसासारख्या भेगा पडल्या. तो भाग लाकडी थापीने परत दाबून घेतला.

10 मार्च: छप्पर उतरवले

कौले मोजली: पाखीला 17 ओळी, ओळीत 94, दोन्ही पाख्या मिळून 3,196. उतरवताना प्रत्येक कौल बोटाने वाजवले. खणखणीत वाजते ते ठेवायचे, बद्द वाजते ते फेकायचे. चांगली 2,350 निघाली. मंगळूरची कौले बासेल मिशनने 1865 मध्ये सुरू केलेल्या कारखान्यापासून कोकणात पसरली, आणि पुढे अनेक कारखाने निघाले. प्रत्येकाचा साचा वेगळा. कौलाच्या पाठीवरचा छाप बघूनच थप्प्या लावा.

कमी पडली म्हणून पाडलेल्या एका घराची 900 कौले 12 रुपये नगाने घेतली. छाप वेगळा निघाला. लांबी-रुंदी डोळ्यांना सारखी दिसते, पण बाजूचे कुलूप (शेजारच्या कौलात अडकणारी खाच) पाव इंच इकडेतिकडे आहे. एका ओळीत मिसळली की तिसऱ्या कौलापासून फट पडते. नवी मागवण्याऐवजी अशी तोड काढली: झड पश्चिमेकडून येते, म्हणून पश्चिमेची पूर्ण पाखी जुन्या छापाची, 1,598. उरलेली 752 पूर्व पाखीच्या वरच्या आठ ओळींना. दुसऱ्या छापाची 846 खालच्या नऊ ओळींना. दोन छाप फक्त एका आडव्या ओळीत भेटतात. तिथे रीप (कौले टेकतात ती लाकडी पट्टी) एक इंच जवळ घेऊन दबाव वाढवला.

वाशांपैकी ऐन आणि किंजळीचे शाबूत आहेत. मधे कधीतरी बदललेले माडाचे वासे वळचणीकडे कुजले होते, ते काढून किंजळ घातली. रिपा सगळ्या नव्या.

8 एप्रिल: अंगणाची ओढाताण

काजूची बी आणि आंबा दोन्ही मार्च ते मे या काळात येतात. बी साठवण्याआधी दोन-तीन दिवस उन्हात वाळवून ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आणावा लागतो, म्हणजे मोकळे अंगण हवे. आंब्याला सावली आणि टेम्पोला वाट हवी. छपराचे सामानही अंगणातच पडलेले. पूर्वेचे अंगण बीला, पश्चिमेची पडवी पेट्यांना, असा कायमचा भाग केला. पूर्वेला सकाळपासून ऊन आणि तिथे गाडी जात नाही. बीच्या गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट दूर. भिंतीला टेकवल्याने काय होते ते मधल्या दालनाने दाखवले आहे.

30 एप्रिल: रिपांचे अंतर

सुतार सवयीने रिपा 13 इंचांवर मारत होता. तसे मारले तर या कौलाची नाकी रिपेवर जेमतेम टेकते. अंतर स्वतःच्या कौलांवरून काढा: 11 कौले जमिनीवर उभ्या ओळीत लावा, पूर्ण ताणून मोजा, मग पूर्ण दाबून मोजा. इथे ताणून 131 इंच, दाबून 125. सरासरी 128, दहा अंतरे, म्हणजे 12.8 इंच. त्या मापाची काठी करून दोन्ही टोकांना खुणा केल्या. लावून झालेल्या पाच रिपा काढून परत मारल्या.

वाशांना आणि रिपांना काजूच्या टरफलाचे तेल लावले. वाळवीवर हा कोकणातला जुना उपाय आहे. कातडी भाजते, म्हणून रबरी हातमोजे आणि हाताला खोबरेल. दक्षिण दालनावर, जिथे सोललेला काजू उघडा असेल, तिथे ते लावले नाही; तिथे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी दोनदा.

21 मे: पाऊस

छप्पर 5 जूनपर्यंत पुरे करायचे वेळापत्रक होते. अरबी समुद्रातल्या कमी दाबामुळे 20 तारखेपासूनच जोर धरला आहे. पश्चिम पाखी झालेली, पूर्वेच्या वरच्या चार ओळी आणि मोभाची कौले बाकी. ताडपत्री मोभावरून दोन्हीकडे टाकून रिपांना बांधली. रुळाच्या बाजूला ताडपत्री सैल ठेवता येत नाही. वाऱ्याने उडून 25,000 व्होल्टच्या तारांवर गेली तर गाड्या थांबतील आणि माणसाचा जीवही जाईल. दर दोन फुटांवर दोरी, कडेला वाळूच्या पिशव्या.

पूर्व वळचणीची पन्हाळ याच पावसात तपासून झाली. पन्हाळ पीव्हीसीची, सहा इंची अर्धगोल. लोखंडी नको होती, कारण 64 फूट धातू विजेच्या मार्गाला समांतर राहिला तर त्यात व्होल्टेज उतरते आणि अर्थिंग करावे लागते. शिवाय खाऱ्या हवेत तो गंजतो. एकाच टोकाला उतार दिलेला असल्याने जोराच्या सरीत ती मधेच ओसंडली. मधे उंचवटा घेऊन दोन्ही टोकांना उतार आणि चार इंची दोन पाइप, असा बदल केला.

2 जून

मान्सून 25 मे रोजीच तळकोकणात पोचला. उघडिपीत उरलेल्या ओळी लावल्या. मोभाची कौले प्रथम सिमेंटमध्ये बसवली होती. गाडी जाताना छप्पर थरथरते आणि सांध्यांत बारीक भेगा दिसल्या. ती काढून चुना-सुरखीत, थोडा काथ्या कापून घालून बसवली. आत गळती नाही.

14 जुलै: अंगणातले पाणी

पूर्वेच्या अंगणात नऊ इंच पाणी तुंबले. जमिनीचा मूळ उतार व्हाळाकडे (ओढ्याकडे), व्हाळ रुळांपलीकडे, आणि मधे भराव. रेल्वेची मोरी (भरावाखालून पाणी जाण्याची वाट) उत्तरेला 150 फुटांवर आहे. भरावाच्या पायथ्याशी खणायचे नाही, ती जागा आपली नाही आणि पावसाळ्यात तिथे कुदळ मारणे धोक्याचेही. हद्दीच्या आत, खांबांपासून सहा फूट सोडून, दीड फूट रुंद चिऱ्याची चर काढली. 150 फुटांत एक फूट उतार. टोकाला गाळाचा खड्डा, मग पाणी मोरीच्या जुन्या सखल वाटेने जाते. मोरीचे तोंड झुडपांनी भरले होते; ते साफ करण्यासाठी रेल्वेच्या स्थानिक अभियंता कार्यालयाला फोटो आणि किलोमीटरच्या खांबाचा क्रमांक देऊन अर्ज केला. खांबाचा क्रमांक लिहिला की जागा शोधत बसावे लागत नाही.

सिमेंटच्या काळात अंगणात दीड फूट भर घातली नसती तर पाणी दारापर्यंत आले असते. ती भर तशीच ठेवली.

18 ऑगस्ट: वीज आणि पॅकिंगची खोली

जुनी जोडणी कायमची तोडलेली आणि मागच्या भाडेकरूची थकबाकी जागेच्या नावावर. ती भरल्याशिवाय नवी थ्री फेज मिळत नाही. इमारत घेताना ग्राहक क्रमांकावरून थकबाकी तपासून व्यवहारातच वळती करा.

बोर्म्यातून निघालेला काजू पावसाळ्यात उघडा राहिला की तासाभरात मऊ पडतो. दक्षिण दालनात 10 × 12 फुटांची खोली आतून बंदिस्त केली: लाकडी सांगाडा, सपाट छत, सांध्यांना सिलिकॉन, दाराला रबरी पट्टी, आत हवेतला ओलावा ओढणारे यंत्र. चिऱ्याची भिंत आणि खोलीची भिंत यांत चार इंच पोकळी ठेवली. पोकळी खालीवर उघडी हवी, नाहीतर आतून बुरशी धरते. काजूचा ओलावा पाच टक्क्यांच्या आत असेल तेव्हाच पिशवी बंद करायची.

6 ऑक्टोबर: खर्च

छप्पर, लाकूड आणि कौलांसह: 3,85,000. भिंती, लेप, चुना: 1,62,000, त्यात मजुरीच 1,20,000. दार आणि पाटी: 48,000. जमीन आणि इंजिनाचा ओटा: 1,10,000. चर आणि अंगण: 57,000. वीज, थकबाकीसह: 1,34,000. पॅकिंगची खोली: 92,000. एकूण 9,88,000 रुपये. यंत्रे वेगळी, त्यांच्यासाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अर्ज केला आहे, तिथे पात्र खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळते. जुन्या इमारतीची डागडुजी पात्र खर्चात किती धरतात ते बँकेकडून आधी लेखी घ्या.

17 नोव्हेंबर: पावसाळ्यानंतरची तपासणी

मधल्या दालनाच्या चुन्यावर चार ठिकाणी पांढरे डाग आले, सगळे पाच ते सात फुटांच्या पट्ट्यात. खरडीचा आकडा 610, म्हणजे आतले मीठ बाहेर येते आहे. जानेवारीत त्या चार जागांचा चुना काढून एक लेप अजून द्यायचा. उत्तरेच्या दाराच्या पाटीवर चिकटवलेली काचेची पट्टी शाबूत आहे, तडा वाढलेला नाही. पूर्व पाखीतल्या दोन छापांच्या सांध्यात तीन कौले सरकली होती. त्यांना रिपेशी तांब्याच्या तारेने बांधले. त्या ओळीतल्या बाकीच्या 91 कौलांनाही मार्चच्या आत तार घालायची आहे. गाळाच्या खड्ड्यात दहा इंच गाळ. दर जुलै आणि सप्टेंबरला उपसावा लागेल. कुकर ओट्यावर बसला, चाचणीच्या वेळी ओटा हलला नाही.